हवेत झाडलेली गोळी खाली येते

2025 च्या जुलैत दौंड तालुक्यात चौफुल्याजवळच्या एका कला केंद्रात रात्री गोळी झाडल्याचं प्रकरण बाहेर फुटलं आणि यवत पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्यात भोर तालुक्याचं नाव आलं, म्हणून आमच्या सारोळ्यापासून कापूरहोळपर्यंत हायवेच्या कडेला जिथे चार माणसं बसतात तिथे काही दिवस दुसरा विषय नव्हता. कोण दोषी आणि कोण नाही, हे न्यायालय ठरवील. मला त्यात पडायचं नाही. मला भांडायचं आहे ते त्या दिवसांत उघडपणे मांडल्या गेलेल्या एका युक्तिवादाशी. तो काही नवा नाही. वराती, यात्रा, निवडणुकीचा गुलाल, कुठलंही निमित्त असलं तरी त्यानंतर तोच ऐकू येतो: गोळी हवेत झाडली, कुणाला लागली नाही, मग एवढा गवगवा कशाला?

त्याच्या मागोमाग बाकीची वाक्यं येतात. परवान्याचं हत्यार आहे, कट्टा नाही. चुकून सुटली. आपण मावळातली माणसं, हत्याराला काय भ्यायचं? असं बोलणारी माणसं परकी नाहीत. त्यांच्या मांडवात आपण जेवतो, आपली लेकरं त्यांच्या वरातीत नाचतात. म्हणून त्यांना उत्तर द्यायचं ते तोंडावर आणि नीट द्यायला हवं.

आधी हवेचंच घेऊ. वर गेलेली गोळी वरच राहत नाही. सरळ उभी झाडलेली गोळी वेग संपेपर्यंत चढते, थांबते आणि परत येते. हवेच्या अडथळ्यामुळे येताना तिचा वेग कमी असतो, पण सेकंदाला साठ ते नव्वद मीटरच्या घरात तो राहू शकतो. माणसाची कातडी फोडून आत शिरायला साठ मीटरच्या आसपासचा वेग पुरतो. लहान मुलाच्या कवटीचं हाड किती पातळ असतं हे घरात बाळाला न्हाऊ घालणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. आणि हे झालं गोळी अगदी काटकोनात उभी झाडली तर. डीजेच्या तालावर नाचणारा, एका हातात पिस्तूल धरलेला माणूस काटकोन मोजत नाही. त्याचा हात तिरका असतो. तिरकी गेलेली गोळी फिरत, टोकाकडून जात राहते, तिचा वेग फारसा मरत नाही आणि ती किलोमीटरभराहून दूर जाऊन पडू शकते. सारोळ्याच्या पुलाजवळ उभं राहून दक्षिणेकडे हात करून झाडलेली गोळी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात उतरू शकते. तिथे कोण झोपलंय, कोण उसाला पाणी देतंय, कुणाची मेंढरं बसवली आहेत, हे झाडणाऱ्याला कधी कळणारच नाही. म्हणूनच तो छातीठोकपणे सांगू शकतो की कुणाला लागली नाही. त्याला ठाऊक एवढंच असतं की मांडवातल्या कुणाला लागली नाही.

हे कागदावरचं गणित नव्हे. प्युर्टो रिको या बेटावर नव्या वर्षाच्या स्वागताला आकाशात गोळ्या झाडायची चाल होती. 2003 संपून 2004 उजाडलं त्या एका रात्रीच्या आसपास तिथे पडणाऱ्या गोळ्यांनी एकोणीस माणसं जखमी झाली, त्यातलं एक दगावलं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनं ती नोंद साथीच्या आजाराची करावी तशी केली, कारण जखमा रुग्णालयातल्या वह्यांमध्ये दिसत होत्या आणि झाडणारे कुठेच दिसत नव्हते. जखमी माणसाला आवाजही नीट ऐकू आलेला नसतो. अंगणात उभा असताना आपल्याला काय लागलं हे त्याला डॉक्टर सांगतो.

इथे समोरचा वकिली मुद्दा काढू शकतो, आणि तो मीच आधी मांडतो, कारण तो लपवणं बरोबर नाही. उत्तराखंडमधल्या भगवानसिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2020 मध्ये निकाल दिला. 2007 च्या एप्रिलमधली घटना. घरच्याच लग्नाचा सोहळा, परवान्याची बंदूक, आनंदानं झाडलेला बार. छर्रे पाच जणांना लागले, त्यातले दोघे गेले. त्या निकालात न्यायालय म्हणतं की आरोपीनं आकाशाकडे बार काढण्यासारखी साधी खबरदारीही घेतली नाही, छताच्या दिशेनं नळी धरली. म्हणजे आकाशाकडे झाडणं चालतं, असं यातून कुणी काढू शकेल. पण निकाल पुढे वाचायला हवा. न्यायालयानं खुनाचा ठपका काढला, तरी हा नुसता निष्काळजीपणा आहे हा बचाव मानला नाही. गर्दीत भरलेली बंदूक आणणाऱ्याला काय होऊ शकतं याची जाणीव असतेच, असं धरून सदोष मनुष्यवधाखाली दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. स्वसंरक्षणासाठी किंवा पीक आणि गुरं राखण्यासाठी परवाना मिळालेली बंदूक समारंभात झाडताच येत नाही, हेही त्याच निकालात स्वच्छ सांगितलं आहे. शिवाय तिथे बारा बोअरसारख्या बंदुकीच्या छर्‍यांचा प्रश्न होता. बारीक छर्रा वरून पडताना मंद होतो. पिस्तुलाची शिशाची गोळी तेवढी मंद होत नाही. आणि ती घटना 2007 ची होती. त्यानंतर कायदा बदलला आहे.

कसा बदलला, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. डिसेंबर 2019 मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि पंचविसाव्या कलमात एक पोटकलम आलं. बेदरकारपणे, निष्काळजीपणे किंवा आनंदोत्सवात गोळी झाडून कुणाच्या जिवाला वा सुरक्षिततेला धोका आणला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्न, धार्मिक ठिकाण, सार्वजनिक गर्दी, सगळं त्याच्या व्याख्येत येतं. इथे कुणाला गोळी लागावी लागत नाही. धोका आणणं हाच गुन्हा आहे. त्याच्याही आधी, 2016 च्या शस्त्र नियमांनी लग्नात, जत्रेत, मिरवणुकीत बंदूक झाडणाऱ्याचाच नव्हे तर नुसती परजणाऱ्याचाही परवाना रद्द होऊ शकतो, असं लिहून ठेवलं. सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर म्यानात, पूर्ण झाकलेलं. कमरेला शर्ट वर करून दिसेल असं लावलेलं पिस्तूल, फोटोसाठी टेबलावर ताटाशेजारी ठेवलेलं पिस्तूल, नवऱ्यामुलाच्या हातात दोन मिनिटं दिलेलं पिस्तूल, हे सगळं त्या नियमाच्या विरुद्ध आहे. लागली का कुणाला, हा प्रश्न कायद्यानं विचारणंच सोडून दिलेलं आहे. आपण मात्र अजून तोच विचारतो.

आता "चुकून सुटली" याकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्यानं केलं आहे.

बंदूक हे यंत्र आहे. त्यात काडतूस कुणीतरी भरतं. नळी कुणाच्या तरी हातानं कुठल्या तरी दिशेला वळते. चापावर बोट कुणाचं तरी असतं. यांतली एक जरी गोष्ट झाली नसती तर गोळी सुटली नसती, किंवा सुटून मातीत गेली असती. म्हणजे "चुकून" म्हणतो त्या क्षणाच्या आधी किमान दोन निर्णय झालेले असतात, आणि ते निर्णय पूर्ण शुद्धीत, कसलीही घाई नसताना झालेले असतात. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत असताना जुहूच्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या डाव्या पायात गुडघ्याखाली लागली. कपाटात ठेवताना रिव्हॉल्व्हर हातातून पडलं, असं सांगितलं गेलं. ते वाचले याचा आनंद आहे. पण त्या दिवशी सगळीकडे बातमी "अपघात" अशीच चालली आणि फारसं कुणी विचारलं नाही की घरातल्या कपाटात जाणारं हत्यार भरलेलं का होतं. जुन्या घडणीच्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरांत घोडा थेट काडतुसाच्या बुडाशी टेकून असतो. असं हत्यार घोड्याच्या बाजूनं फरशीवर आपटलं तर चाप न ओढताही गोळी सुटते. हे शंभर वर्षांहून जुनं ज्ञान आहे. म्हणून जाणकार माणसं सहा घरांच्या चक्रात पाचच काडतुसं भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. पुढे कारखान्यांनी मध्ये अडसर बसवायला सुरुवात केली. ज्याच्या घरी वडिलोपार्जित रिव्हॉल्व्हर आहे त्याला आपल्या हत्यारात तो अडसर आहे की नाही हे ठाऊक असायलाच हवं. नसेल ठाऊक, तर त्यानं ते बाळगू नये.

पिस्तुलाची गोष्ट वेगळी आणि जास्त फसवी. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं असं माणसाला वाटतं. चेंबरमध्ये चढलेलं एक काडतूस तसंच राहतं. मॅगझिन काढून, "बघ, रिकामं आहे" म्हणत मित्राकडे रोखून चाप ओढणं ही जगभरातल्या मृत्यूंमागची जुनी, तीच ती चूक आहे. खाली गेलेली नळी, चापापासून दूर बोट आणि स्लाइड मागे ओढून डोळ्यांनी व बोटांनी तपासलेलं चेंबर, या तीन गोष्टी शिकायला अर्धा तास लागतो.

बेफिकिरी फक्त अडाण्यांकडून होते असंही कुणी समजू नये. ऑक्टोबर 2021 मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात 'रस्ट' या चित्रपटाच्या तालमीत अभिनेते अॅलेक बाल्डविन यांच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली आणि छायालेखिका हॅलिना हचिन्स गेल्या. हत्यार "थंड" आहे, म्हणजे त्यात जिवंत काडतूस नाही, असं सेटवर पुकारून सांगितलं गेलं होतं. चाप ओढलाच नाही, असं बाल्डविन म्हणत राहिले. त्यांच्यावरचा खटला 2024 मध्ये फिर्यादी पक्षाच्या चुकीमुळे बाद झाला. पण हत्यारांची जबाबदारी ज्या बाईकडे होती तिला त्याच वर्षी दोषी धरून अठरा महिन्यांची शिक्षा झाली. खोट्या काडतुसांच्या गठ्ठ्यात खरी काडतुसं आली आणि ती तपासली गेली नाहीत, एवढंच तिचं काम चुकलं होतं. ज्युरीला तेवढं पुरलं. आपल्याकडे असं घडलं असतं तर नशिबाचा खेळ म्हणून गावानं दोन्ही घरांचं सांत्वन केलं असतं आणि हत्यार पुन्हा त्याच कपाटात गेलं असतं.

"परवान्याचं आहे" या वाक्यात थोडं तथ्य आहे. पुणे जिल्ह्यात पोलीस जे गावठी कट्टे पकडतात त्यांतले पुष्कळ मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमरटीकडून येतात, आणि त्यांना ना घडणीची खात्री ना मालकाची नोंद. तो धोका मोठा आहे आणि त्यावर पोलिसांनी काम केलंच पाहिजे. पण परवाना माणसाच्या नावाला मिळतो; त्याच्या हाताला वळण लावत नाही. 2016 च्या नियमांनी परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी मागायला सुरुवात केली. चांगलं केलं. पण त्याआधी ज्यांना परवाने मिळाले त्यांना कुणी नळी कुठे धरायची तेही शिकवलेलं नाही, आणि आपल्या तालुक्यातली जुनी हत्यारं बहुतेक त्यांच्याच घरी आहेत. 8 फेब्रुवारी 2024 रोजी दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. मारणाऱ्यानं वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं असल्याचं तपासात पुढे आलं. तो खून होता, निष्काळजीपणा नव्हे, हे मला मान्य आहे. पण एकाच्या नावाचं हत्यार दुसऱ्याच्या हाताला लागू शकतं, तेव्हा परवान्याचा कागद कुणाचंही रक्षण करत नाही. आपल्या घरांत पिस्तूल कुठे असतं? गाडीच्या डॅशबोर्डात, उशाखाली, कपाटात साड्यांच्या घडीत. किल्ली देवघरात. घरातल्या आठवीतल्या पोराला ती जागा माहीत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या पोराला विचारून बघावं.

यापुढचा आक्षेप मात्र मला मनापासून जड जातो. तो शेतकऱ्याचा आहे.

भोरच्या पश्चिमेला, वेल्ह्यात, डोंगराच्या कडेची भातखाचरं रानडुकरं एका रात्रीत लोळवतात. इकडे सारोळ्याच्या बाजूला भुईमूग आणि ऊस. रात्रभर माळ्यावर बसून डबा बडवणाऱ्या माणसाला शहरातल्या कुणी बंदुकीवर व्याख्यान द्यावं, हे मलाही पटत नाही. कायद्यातच पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, आणि दर निवडणुकीला हत्यार ठाण्यात जमा करायला लावून ऐन सुगीत शेतकऱ्याला निःशस्त्र करतात ही कोकणातली आणि घाटावरची तक्रार खरी आहे. मी त्याची बंदूक काढून घ्या म्हणत नाही. पण ठासणीच्या बंदुकीचा स्वभाव त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ती एकदा ठासली की सहज रिकामी करता येत नाही. बार काढावा लागतो किंवा सळईनं आतला सगळा ऐवज उपसावा लागतो. म्हणून डुक्कर आलं नाही त्या रात्री ती भरलेलीच घरी येते आणि कोपऱ्यात उभी राहते. निदान वरची स्फोटक टोपी काढून वेगळ्या डबीत, वेगळ्या जागी ठेवली पाहिजे. कितीजण ठेवतात?

आणि रात्रीची शिकार. 2025 च्या जानेवारीच्या अखेरीस पालघर जिल्ह्यात बोरशेतीच्या जंगलात गावकऱ्यांचा एक गट रानडुकराच्या मागावर गेला. अंधारात हालचाल दिसली, डुक्कर समजून बार काढला, आणि गोळी सोबतच्याच माणसाला लागली. तो मेला. सोबत्यांनी पोलिसांना कळवलं नाही, मृतदेह जंगलात लपवला. काही दिवसांनी तपासात तो सापडला आणि काहींना अटक झाली. ही बातमी मी वाचली तेव्हा मला सगळ्यात भयंकर वाटलं ते लपवणं. ती माणसं काही खुनी नव्हती. एका गावची, एका ताटात जेवलेली. पण शिकार बेकायदा, हत्यार बेकायदा, म्हणून घायाळ माणसाला उचलून दवाखान्यात नेण्याऐवजी पहिला विचार स्वतःच्या सुटकेचा आला. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारायची परवानगी वनखात्याकडे लेखी मागता येते. ती मिळायला वेळ लागतो, कर्मचारी नसतात, पंचनामे लांबतात. हे सगळं खरं. त्यासाठी वनखात्याशी भांडू, मोर्चा काढू, मी पहिल्या रांगेत असेन. पण दिसलं नाही ते झाडायचं नाही, हा नियम कुठल्याही परवानगीच्या आधीचा आहे. हाक्याच्या रांगेकडे नळी फिरवायची नाही. बॅटरीच्या उजेडात नुसते चमकते डोळे दिसले म्हणून चाप ओढायचा नाही. कोण कुठे बसलंय हे ठरल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही. केळद किंवा पासलीच्या रानात मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीत गोळी शिरली, तर माणसाकडे काही मिनिटं असतात, आणि पुण्यातलं ससून तिथून दोन-अडीच तासांवर आहे.

आता मावळाचं. हा मुद्दा नेहमी शेवटी येतो आणि आवाज चढवून येतो. आपण कारीच्या कान्होजी जेध्यांच्या, सिंदच्या बाजीप्रभूंच्या मुलखातले. समोर राजगड, पलीकडे तोरणा. शस्त्र आपल्या रक्तात आहे.

ज्यांच्या नावानं हे बोललं जातं त्यांनी शस्त्राबद्दल आणि आगीबद्दल काय लिहून ठेवलं, ते वाचायला हवं. 1673 च्या मे महिन्यात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ हलवर्ण्याला छावणी केलेल्या आपल्या अधिकाऱ्यांना पत्र पाठवलं. मराठी राज्यव्यवहारातलं ते सगळ्यात प्रसिद्ध पत्रांपैकी एक आहे. रयतेच्या काडीलाही हात लावू नका, ही त्यातली ताकीद आपण भाषणात सांगतो. पण पत्राचा मोठा भाग बेफिकिरीवर आहे. पावसाळ्यासाठी गवत साठवलेलं आहे, त्याच्याजवळ कुणी चूल पेटवील, कुणी चिलमीसाठी विस्तव नेईल, वारा सुटेल; रात्री दिवा तसाच ठेवाल तर उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, गवत नसलं की घोडी मरतील. स्वराज्याचा राजा उंदरानं ओढलेल्या वातीचा विचार करतो आहे! आणि पुढे तो म्हणतो त्याचा आशय असा की एकदा सगळं जळून गेल्यावर मग कुणब्यांच्या माना मारल्या आणि कारकुनांना कितीही ताकीद केली, तरी गेलेलं परत उभं राहणार नाही. शिक्षेच्या आधी खबरदारी. उंदराचा दोष उंदरावर न टाकता दिवा न विझवणाऱ्यावर टाकणारा हा माणूस "चुकून सुटली" हे ऐकून घेणारा होता, असं कुणाला वाटतं का?

पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याचे नियम आहेत. दारूचं कोठार सदरेपासून, राहत्या घरांपासून लांब हवं. आत साठवलेली दारू ठरावीक दिवसांनी अधिकाऱ्यानं स्वतः हजर राहून बाहेर काढायची, ऊन द्यायचं, पुन्हा बंदोबस्तानं ठेवायची. दारूखान्यावर कायम पहारा, परवानगीशिवाय कुणी आत जायचं नाही. तोड्याच्या बंदुकीच्या काळातली माणसं ती. कमरेला दारूची शिंगं आणि हातात पेटती जामगी घेऊन डोंगर चढणाऱ्या शिपायाला शत्रूआधी स्वतःच्या दारूची भीती बाळगावी लागे. ती भीती भ्याडपणाची नव्हती. तीच त्याची लष्करी शिस्त होती. वरातीत पिस्तूल नाचवणारा माणूस त्या शिपायाचा वारस नाही, आणि त्यानं स्वतःला तसं म्हणवून घ्यायचं थांबवावं.

वारस शोधायचे असतील तर ते आपल्याला माहीत आहेत. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, कोल्हापूरच्या मातीनं किती नेमबाज दिले. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर जाऊन बघावं. तिथे दहा-बारा वर्षांच्या पोरानंही रायफल खोक्यातून काढली की तिच्या चेंबरमध्ये रंगीत पट्टी असते, ती दुरून दिसते, आणि ती आहे तोवर हत्यार रिकामं आहे हे सगळ्यांना कळतं. नळी लक्ष्याकडे सोडून कुठेही वळली तर त्या क्षणी ओरड बसते. "थांबा" म्हटल्यावर सगळे थांबतात, ऑलिम्पिक पदकवालाही. कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. शस्त्राचं वेड असलेल्या प्रत्येक पोराला मी म्हणतो, बालेवाडीला जा. महिनाभर शिक. त्यानंतर लग्नाच्या मांडवात कुणी पिस्तूल काढलं तर तुलाच लाज वाटेल आणि तूच त्याचा हात खाली करशील.

सगळ्यांत जास्त राग मला गप्प राहणाऱ्यांचा येतो. मांडवात पिस्तूल निघतं तेव्हा शंभर माणसं बघत असतात. वडीलधारे असतात, सरपंच असतात, कधी पोलीस पाटीलही असतात. कुणी म्हणत नाही, आबा, आत ठेवा ते. पाहुण्याचा मान जाईल, आनंदाच्या वेळी तोंड कशाला वाईट करायचं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ फिरतो, आणि काही झालं असलं तर सगळे सांगतात, आम्ही जेवायला बसलो होतो, आम्ही बघितलं नाही. भगवानसिंगांच्या मांडवातही वडीलधारे असतीलच.

म्हणून येत्या ग्रामसभेत मी सारोळ्यासाठी काही गोष्टी मांडणार आहे आणि शेजारच्या गावांनीही त्या मांडाव्यात. हायवेलगतच्या मंगल कार्यालयांनी आणि लॉन्सनी बुकिंगच्या पावतीवरच छापावं की समारंभात हत्यार आणलं तर कार्यक्रम थांबवला जाईल, अनामत परत मिळणार नाही आणि राजगड पोलीस ठाण्याला फोन केला जाईल. बँड आणि डीजेवाल्यांनी गोळीचा आवाज आला की वाजवणं बंद करायचं, असं आधीच ठरवून घ्यावं. परवानाधारकांची यादी पोलिसांकडे आहेच. जिल्हाधिकारी कार्यालयानं 2016 पूर्वीच्या सगळ्या परवानाधारकांना एकदा बालेवाडीला किंवा पोलीस मुख्यालयाच्या रेंजवर बोलावून हत्यार उघडणं, रिकामं करणं आणि तपासणं करून दाखवायला सांगावं, आणि ज्याला जमणार नाही त्याचं हत्यार जमेपर्यंत ठाण्यात ठेवावं. पश्चिमेकडच्या गावांत वनखात्यानं सुगीच्या आधी शिबिर घ्यावं. रानडुकराच्या परवानगीचे अर्ज तिथेच भरून घ्यावेत, म्हणजे चोरून जाण्याचं कारण उरणार नाही.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं केल्यानं बंदुकीची हौस थोडीच जाणार. हौस जावी असं माझं म्हणणंच नाही. नळी जमिनीकडे असावी, चेंबर रिकामं असावं आणि मांडवात ती नसावी, एवढंच मागतो आहे. आणि ज्याला एवढंही देता येत नाही त्याच्या परवान्याचं नूतनीकरण होऊ नये यासाठी माझ्या सहीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल, मग तो माझ्या भावकीतला का असेना.